पाठाचा पाट

मी आयुष्यभर मोठमोठ्या माणसांना ‘भाकरी’ म्हणायला शिकवले. सोलापुरात मिशनच्या बंगल्याचा व्हरांडा, वेताच्या दोन खुर्च्या, मध्ये मेज. एका खुर्चीत समुद्रापलीकडून नुकतेच आलेले कोणी विद्वान साहेब किंवा मडम, आणि दुसरीत उपरणे पांघरलेला मी. विद्वान म्हणत, ‘बाकरी.’ मी म्हणे, ‘भाकरी.’ ते पुन्हा मोठ्या श्रद्धेने म्हणत, ‘बाकरी.’ अकरा वाजेपर्यंत हा वाद चाले, आणि मग आम्ही दोघेही आपापल्या घरी जाऊन ती मुकाट्याने खात असू. अशी सत्तावीस वर्षे गेली.

हा धंदा करणाऱ्याला भाषापंडित म्हणत. बाहेरच्यांना तो फारसा ठाऊक नाही, म्हणून थोडे सांगतो. नवीन मिशनरी आला की पहिली दोन वर्षे त्याला मराठी शिकण्यावाचून दुसरे काम नसे. पहिल्या वर्षाअखेर वाचन व संभाषण, दुसऱ्या वर्षाअखेर प्रवचन, अशा दोन परीक्षा असत. शिष्य नापास झाला तर दोष त्याचा न मानता पंडिताचा मानीत. आणि मीही तो माझाच मानीत असे. माझे बालपण बार्शीच्या एका संस्कृत पाठशाळेत गेले. मंत्रातील एक स्वर चुकला तर यज्ञ यजमानावरच उलटतो, हे तेथे आम्हाला छडीच्या साहाय्याने पटवून दिलेले होते. पुढे तारुण्यात मी ख्रिस्तशरण झालो. पुष्कळ गोष्टी मागे राहिल्या. परंतु उच्चाराविषयीचा तो धाक मात्र माझ्याबरोबर आला.

साहेबलोकांचा खरा शत्रू म्हणजे महाप्राण. ख, घ, ठ, फ, भ ही अक्षरे त्यांच्या कानाला ऐकूच येत नाहीत. त्यावर माझा एक उपाय होता. पतंगाच्या कागदाची दोन बोटे रुंद पट्टी शिष्याच्या ओठांपुढे धरायची. ‘प’ म्हणताना ती हलता कामा नये, ‘फ’ म्हणताना उडालीच पाहिजे. एक तरुण साहेब ही पट्टी उडण्याच्या आतच उत्साहाने मंगळवारच्या बाजारात गेले. जांभळे घेऊन बसलेल्या एका बाईपुढे उभे राहून, फळ हवे म्हणून, ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, “बाई, पळ! पळ, बाई!” बाईने त्यांच्या टोपीकडे एकवार पाहिले, म्युनिसिपालिटीचा कोणी अंमलदार आला असे समजून टोपली डोक्यावर घेतली आणि ती खरोखरच पळाली. साहेब भल्या मनाचे. ते तिच्या मागे ‘पळ, पळ’ म्हणत थेट वेशीपर्यंत धावले.

अशा गोष्टी माझ्यापाशी पुष्कळ होत्या आणि त्या मी फार चांगल्या सांगत असे. हे आत्मस्तुतीसाठी लिहीत नाही. पुढे जे घडले त्याचे कारण तेच आहे. माझी हातोटी अशी की चूक आधी वाढायची, ऐकणारे चमकले की चहाचा एक घोट घ्यायचा, आणि मग खुलासा द्यायचा. आमचे कुटुंब म्हणे, “अहो, खुलासा आधी सांगत जा. कुणी अर्ध्यात उठून गेलं तर?” मी म्हणे, “खुलासा आधी सांगितला तर गोष्टीत उरलं काय?”

चौदा सालचे मोठे युद्ध संपून सहासात वर्षे झाली असतील. त्या साली माझ्याकडे मिस हॉलोवे नावाच्या बाई शिकायला आल्या. सोलापूरकरांनी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या आडनावाचे ‘हळवेबाई’ केले, आणि ते त्यांना शोभलेही. माणसे कमी होती म्हणून शिकता शिकताच त्यांच्याकडे मुलींच्या शाळेची देखरेखही आली होती. त्या शाळेत बाराखडीचा वर्ग शिकवणाऱ्या सगुणाबाई जेऊरकडच्या, मेंढरे राखणाऱ्या घरातल्या. अठराव्या वर्षी वैधव्य आले. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, वयाच्या पंचविशीत लिहायला शिकल्या, आणि आता त्यांना शिक्षिकेची परीक्षा द्यायची होती. बाकी सर्व विषय येत; गणित मात्र येत नसे. म्हणून मुलांच्या शाळेचे हेडमास्तर दाऊदराव आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी पाच वाजता, शाळेच्या उघड्या ओसरीवर त्यांना त्रैराशिक शिकवीत. दाऊदराव विधुर. इतके अबोल की त्यांच्या तोंडून एका वेळी चार वाक्ये ऐकलेला माणूस मला माहीत नाही. या परीक्षेवर आणि शाळासमितीच्या मर्जीवर एक मोठी गोष्ट अवलंबून होती. मुलींच्या बोर्डिंगला मेट्रन हवी होती. ती जागा आजवर आपल्या देशी मंडळीतल्या कोणा बाईला मिळालेली नव्हती, आणि हळवेबाईंनी सगुणाबाईंचे नाव सुचवले होते.

एका शनिवारी संभाषणाच्या तासाला मी हळवेबाईंना विचारले, “शाळेत नवीन काय?” बाईंनी वाक्य मनात जुळवले. ‘शिकवणी लावली’ हा प्रयोग मी त्यांना आदल्याच दिवशी शिकवला होता, आणि ‘पाठ म्हणजे धडा’ हे त्या आठवड्यात. दोन्ही एकत्र करून त्या प्रसन्न मुद्रेने म्हणाल्या, “पंडितजी, सगुणाबाईंनी दाऊदमास्तरांशी पाट लावला!”

परगावच्या वाचकांसाठी सांगतो. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्या मुलखात पाट म्हणतात. पुष्कळ जातींत तो रीतीचा आहे आणि त्यात कमीपणा नाही. परंतु आमच्या ख्रिस्ती मंडळीत विवाह म्हणजे मंदिरात, तीन रविवार नावे पुकारून, सर्वांच्या देखत. मंडळीच्या सेविकेने गुपचूप पाट लावणे म्हणजे उघड पाप, आणि तत्काळ कामावरून जाणे.

मी हसलो, बाईंची चूक सुधारली, पट्टी उडवून घेतली. एवढ्यावर थांबतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता. उपासनेनंतर आमच्याकडे चार माणसे चहाला होती आणि कोणी तरी म्हणाले, “पंडितजी, काही नवीन?” मी बशी खाली ठेवली. “नवीन? काल हळवेबाई मला म्हणाल्या, सगुणाबाईंनी दाऊदमास्तरांशी पाट लावला!” मंडळी चमकली. मी चहाचा घोट घेतला. नेहमीपेक्षा थोडा लांबच घेतला. मग ‘ठ’चा खुलासा केला. हशा झाला. त्या हशाची मला धन्यता वाटली, हे प्रभूसमक्ष कबूल करतो.

दहा दिवसांनी, बुधवारी, मिशनच्या मोठ्या साहेबांचा निरोप आला. साहेब जुने, चांगले मराठी बोलणारे. चेहरा गंभीर.

“पंडितजी, सगुणाबाईंनी जेऊरला जाऊन दाऊदरावांशी पाट लावला, असं मंडळीत सर्व जण बोलतात. दोन मुलींचे आईबाप बोर्डिंगमधून त्यांना घेऊन गेले. शनिवारी समिती आहे. मेट्रनची जागा दूरच, बाईंना शाळेत ठेवायचं की नाही हा प्रश्न आहे. मी दाऊदरावांना विचारलं.”

“ते काय म्हणाले?”

“‘नाही’ म्हणाले. आणि निघून गेले.”

दाऊदरावांच्या मानाने ते दीर्घ भाषण होते. साहेब पुढे म्हणाले, “तुमच्या शब्दावर सर्वांचा विश्वास आहे. हे कोठून निघालं ते शनिवारपर्यंत शोधा.”

वाचक हसतील, पण सांगणे भाग आहे: त्या क्षणी माझ्या मनात स्वतःविषयी तिळभरही शंका आली नाही. मी संतापलो होतो. चहाड्या करणाऱ्यांच्या विरुद्ध शास्त्रातले जेवढे काही होते ते सगळे मला एकदम आठवले आणि ते दुसऱ्या कोणाला तरी ऐकवायला मी वही-पेन्सिल घेऊन निघालो. पद्धत पाठशाळेचीच ठरवली. जुन्या पोथीच्या अनेक प्रती असल्या की प्रत्येकीतले पाठभेद टिपायचे, आणि कोणती कोणावरून उतरली हे पाहत मूळ प्रतीपर्यंत जायचे. तसेच येथे करायचे.

पहिली प्रत गणपतरावांच्या घरी मिळाली. हे आमच्या मंडळीचे ‘वडील’ म्हणजे पंच, गिरणीतून जॉबर म्हणजे मुकादम म्हणून निवृत्त झालेले. साहेबांच्या कानावर ही गोष्ट त्यांनीच घातली होती. मोठ्या दुःखाने आणि तितक्याच तपशिलाने ते सांगू लागले, “काय सांगू पंडितजी, जेऊर ठेशनाच्या मागं. हिरवं लुगडं. पाच माणसं जेवली. बोकड कापला.”

“बोकड आपण पाहिला?”

“मी कशाला बघतो? आमच्या कारभारणीनं सांगितलं. तिला नरसम्मानं.”

मी वहीत लिहिले: पाच माणसे, एक बोकड.

नरसम्मा ही त्यांची शेजारीण, विणकराच्या घरची, बोली तेलुगू. दारातच बसून ती चरख्यावर कांड्या भरत होती. बोकडाचे नाव काढताच तिचे चाक थांबले.

“बोकड? नेनु चेप्पलेदु! मी न्हाई सांगितला बोकड. मी लुगडा सांगितला.”

“हिरवे?”

“आता पाट म्हटलं तर हिरवाच की पंडितगारू. पांढरा कोन नेसतं?”

म्हणजे लुगडे हे नरसम्माचे, आणि बोकड गणपतरावांच्या घरी शिजलेला. जेऊरही तिचेच. “त्याची माहेर तिकडं हाय ना? मग पाट कुटं लागनार, विलायतेला?” तिने ते अनसाबाईंकडून ऐकले होते. तेथून निघताना मी अगदी उल्हसित होतो. जितके मागे जावे तितका मजकूर आखूड होत होता. पोथ्यांचेही असेच असते. आता मूळ प्रत जवळ आली, हे मला कळत होते.

अनसाबाई आमच्या बायबलबाई. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणे हे त्यांचे काम. मूळच्या मैंदर्गीच्या, त्यामुळे मराठी बोलताना कानडीचा हेल. मी ओसरीवर बसलो, वही उघडली आणि शक्य तितक्या कठोर स्वरात विचारले, “अनसाबाई, सगुणाबाईंचा पाट लागला, असे तुम्ही नरसम्माला सांगितलेत?”

“सांगितलं की ओ.”

“लुगडे? जेऊर?”

“अय्यो, ते काय न्हाई. पाट लागला म्हून मडमबाई सांगितल्या, एवढंच सांगितलं मी.”

“मडमबाईंनी तुम्हाला सांगितले?”

“मला कशाला सांगतील? तुमाला सांगितल्या. तुमी सांगितलाव. त्या रविवारी तुमची चाळण परत द्यायला मागल्या दारी आलते बगा. तुमी आत बसून सांगत होताव, मी ऐकले. चुलीवर दूध ठेवून आलते, म्हून चाळण ठेवली आणि गेले.”

पेन्सिल माझ्या हातात तशीच राहिली. मी म्हणालो, “अहो, ती थट्टा होती. बाईंना ‘पाठ’ म्हणायचे होते. खुलासा मी नंतर केला ना!”

“नंतर मी नव्हते की. आणि तुमी खोटं बोलताव असं कोन म्हनंल ओ? दुसरा कोन सांगितला असता तर मी खरं धरलं नसतं. पंडितजी सांगितले म्हून धरले.” मग खऱ्याच कुतूहलाने त्यांनी विचारले, “आणि पाट आणि पाट यात फरक काय म्हनताव? आमाला दोनी एकच की.”

मी घरी आलो. कुटुंब ज्वारी निवडत होते. माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, “सापडला का चोर?”

“सापडला.”

“कोण?”

मी वही मिटून कोनाड्यात ठेवली. सुपातला एक खडा बाजूला टाकून कुटुंब म्हणाले, “घोट फार लांब घेतलात हो त्या दिवशी.”

‘शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको’ ही बायबलातली नववी आज्ञा मला लहान मुलांना शिकवता येते इतकी पाठ आहे. पण ती खोटे बोलणाऱ्यांसाठी आहे, असे मी समजत होतो. मी एकही खोटा शब्द बोललो नव्हतो. हळवेबाई ते वाक्य बोलल्या होत्या, आणि ते मी जसेच्या तसे सांगितले होते. तरी शेजारणीविरुद्ध खोटी साक्ष झाली ती झालीच, आणि तिच्यावर शिक्का होता तो माझ्या खरेपणाचा. आयुष्यभर खरे बोलून जी पत मिळवली, तीच एका बाईच्या गळ्याला फास झाली. बार्शीच्या गुरुजींनी चुकलेला स्वर यजमानावर उलटतो एवढे सांगितले होते. तिसऱ्याच माणसावर उलटतो, हे त्यांनाही ठाऊक नसावे.

प्रभूने सांगितलेली रीत अशी की तंटा असला तर आधी त्या माणसाला एकट्याने भेटावे. गुरुवारी सकाळी मी बोर्डिंगवर गेलो. सगुणाबाई विहिरीजवळच्या कट्ट्यावर मुलींच्या वेण्या घालत होत्या. मला पाहून त्यांनी मुलींना आत पाठवले. मी उभ्यानेच सगळे सांगितले. चहा, घोट, हशा, काही वगळले नाही.

त्यांनी हातातली फणी कट्ट्यावर ठेवली. मग म्हणाल्या, “पंडितजी, दहा दीस झालं, समदं सोलापूर बोलतंय, मला एकलीला सोडून. कुनी म्हून इचारलं न्हाई, बाई, खरं हाय का. मला वाटलं हुतं, तुमी तरी इचाराया याल.”

“मी विचारायला नाही, सांगायला आलो. चूक माझी आहे.”

“तुमची हाय, आनि थोडी माजी बी हाय.” त्यांच्या ओठांवर किंचित हसू आले. “मडमबाईस्नी ‘पाट’ म्हनायला कुनी शिकिवलं असंल? रोज पाचला मी त्यास्नी सांगून जायची, ‘बाई, माजा मास्तरांकडं पाट हाय, जाती.’ फाटकावरल्या गड्याला बी तेच सांगायची. आमच्यात असंच म्हनत्यात की.”

ज्या चुकीवर मी हशा मिळवला, ती चूक बाईंची नव्हतीच. बाईंच्या कानांनी सोलापूरचे मराठी बिनचूक टिपले होते. ज्याच्या बळावर मी विनोद केला तो ‘ठ’ अर्ध्या गावाच्या तोंडी नाही, हे इतकी वर्षे ऐकणाऱ्या माझ्या ध्यानात आले नव्हते.

“शनिवारी समितीपुढे मी सगळे सांगेन,” मी म्हणालो.

“समितीत सांगा, पर त्याआदी त्या घरास्नी जावा. समितीत साहेब बसत्यात. माजं नाव साहेबांनी न्हाई घालवलं. ज्या वाटेनं गोष्ट गेली त्याच वाटेनं तुमी जावा, आनि निम्मी न्हाई, समदी सांगा.”

शुक्रवारी मी तीच तीन घरे उलट्या क्रमाने केली. अनसाबाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले, देवाची क्षमा मागितली, आणि मला चहा देताना म्हणाल्या, “आता घोट लवकर घ्या ओ.” नरसम्माने चाक न थांबवता ऐकून घेतले. म्हणाली, “मी सांगते सगळ्यांना. पण पंडितगारू, खरं गोष्ट एवढा लहान हाय, त्याला कोन उचलून नेनार?” इतक्या वर्षांत चहाडीविषयी याहून शहाणे वाक्य मी कोणत्याही व्यासपीठावरून ऐकलेले नाही, आणि त्यातली लिंगे सुधारण्याची मला इच्छाही झाली नाही. गणपतरावांना मात्र वाईट वाटले. एक चांगली गोष्ट हातची गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

“म्हणजे बोकडाचं काय?”

“नव्हताच.”

“पाच माणसं?”

“उपाशी परत गेली, असे समजा.”

त्यावर ते प्रथम हसले, आणि मग डोळ्याला धोतराचा सोगा लावला. माणूस वाईट नव्हता. दोन्ही मुलींच्या आईबापांकडे ते त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर स्वतः आले आणि सगळे सांगताना बोकडाची जबाबदारी त्यांनी आपल्या अंगावर घेतली.

शनिवारी समिती भरली. मोठे साहेब, दोन सभासद, गणपतराव आणि एका टोकाला हळवेबाई. साहेबांनी विचारले, “पंडितजी, शोध लागला?”

“लागला.”

“कोणी हे पसरवलं?”

“मी.”

मग मी सारे सांगितले. या वेळी खुलासा आधी सांगितला. कोणी हसले नाही, आणि गोष्ट म्हणून ती अत्यंत रटाळ झाली. मी बोलत होतो साहेबांशी, पण डोळे हळवेबाईंकडे जात होते. माझ्या चहाच्या मेजावर आपण काय म्हणून वाढल्या जातो, हे त्यांना आज प्रथमच कळत होते. त्यांचे कान लाल झाले. माझे बोलणे संपल्यावर त्या उठल्या आणि प्रत्येक शब्द वेगळा करीत मराठीत म्हणाल्या, “पंडितजी, माझ्या किती चुका तुम्ही सांगितल्या आहेत?”

मी म्हणालो, “बहुतेक सर्व, बाई.”

“त्यांत ही तरी चूक नव्हती. हा शब्द मी सगुणाबाईंकडून शिकले. त्या माझ्या पहिल्या गुरू आहेत. तुम्ही दुसरे.” आणि मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, “माझ्या पहिल्या गुरूंना मेट्रनची जागा द्यावी, असं माझं मत आहे.” यातल्या ‘पहिल्या’वरचा जोर मला अजून ऐकू येतो. महाप्राणांविषयी माझी काहीच तक्रार नव्हती.

परीक्षा पुढे पुरी करण्याच्या अटीवर जागा सगुणाबाईंना मिळाली. त्या दोन मुली पुढच्याच आठवड्यात परत आल्या. हळवेबाईंनी माझ्याकडे शिकणे सोडले नाही. मात्र एक नियम घातला. त्यांची एक चूक झाली की माझी एक चूक मी त्यांना सांगायची, उच्चाराची नव्हे, वागण्याची. त्या वर्षी त्यांचे मराठी झपाट्याने सुधारले. मला वाटते, माझ्यावर दया येऊन.

सगळेच भरून आले असे मात्र नाही. दाऊदरावांनी गणिताची शिकवणी बंद केली. “लोक बोलतील,” एवढेच ते म्हणाले. आणि लोक बोलले असते, हे कोणालाही नाकारता आले नाही. सगुणाबाई त्या वर्षी गणितात नापास झाल्या. पुढच्या वर्षी हळवेबाईंपाशी बसून त्यांनी त्रैराशिक पुरे केले आणि उत्तीर्ण झाल्या. दरम्यान दाऊदरावांनी बार्शीच्या शाळेत बदली मागून घेतली. निष्पाप माणसाला आपले गाव सोडून जावेसे वाटावे, याचे देणे कोणत्या कबुलीने फिटते ते मला अद्याप उमगलेले नाही. स्टेशनवर पोचवायला मी एकटाच गेलो होतो.

या नाताळ अंकासाठी आपल्या धंद्यातला काही अनुभव लिहा, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा मी प्रथम बोर्डिंगवर गेलो. मेट्रनबाई आता चष्मा लावतात. मी विचारले, “लिहू का?”

“लिवा की! नाव तेवढं बदला. सगुणा लिवा, आमच्या बाची एक मेंढी हुती, लई गुनाची. आनि मी ‘पाट’ म्हनती ते तसंच लिवा, सुदारू नका.”

सुधारलेले नाही.

मग मी थोडा अडखळत म्हणालो, “वाचणारे विचारतील, की मुळात त्या दोघांच्या मनात तसे काही होते काय?”

त्या हसल्या. म्हणाल्या, “माज्या मनातलं माज्यापाशी हाय. मास्तरांचं मास्तरांना इचारा.”

मास्तरांना विचारता येत नाही. तीन वर्षांपूर्वी ते प्रभूकडे गेले. परंतु त्या दिवशी स्टेशनवर, गाडी हलताना, दाऊदराव खिडकीतून वाकून या बाबतीत माझ्याशी एक वाक्य बोलले होते. ते मला ह्रस्वदीर्घांसह आठवते. ते सांगण्याची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली नव्हती आणि आता घेता येत नाही. म्हणून ते येथे लिहीत नाही. आमच्या कुटुंबालाही मी ते अद्याप सांगितलेले नाही, आणि दहा वर्षे एका छपराखाली राहून ते न सांगणे, हे माझ्या साऱ्या नोकरीत मला कधी पडले नाही इतके अवघड काम आहे.